चारोटीला अडलेली चावी

गाडीची चावी फिरत नसेल तर काय करावं, याबद्दल चारोटी नाक्यावरच्या प्रत्येक माणसाला स्वतःचं असं मत आहे. मी त्या नाक्यावरून वर्षानुवर्षं जातोय-येतोय, पण तिथे इतके तज्ज्ञ राहतात याची मला कल्पना नव्हती. त्यांना बोलवावंही लागत नाही. आपण चावी घालायची, ती फिरली नाही की तोंड जरासं पाडायचं, एवढंच. माणसं आपोआप खिडकीशी येतात.

माझं तोंड जरासं नव्हे, पार पडलं होतं. कारण मागच्या सीटवर हिराबाई बसल्या होत्या.

हिराबाई म्हणजे धवलेरी. आम्हा वारल्यांत लग्न लावते ती धवलेरी. ती गाते आणि लग्न लागतं. घरातल्या भिंतीवर बायका तांदळाच्या पिठाने चौक लिहितात तोसुद्धा तिच्या गाण्याबरोबर. मांडव आहे, नवरा-नवरी आहेत, डीजेवाला तर कालपासून आहे, पण धवलेरी नाही, म्हणजे काहीच नाही. आणि त्या दुपारी वेवजीला माझ्या मेहुण्याच्या, गणूच्या, घरी हे सगळं तयार होतं. त्याच्या मुलीचं, उन्नतीचं, लग्न होतं. पीठ कालवून झालं होतं, सुवासिनी भिंतीसमोर बसल्या होत्या आणि पाहुणे रस्त्याकडे बघत होते. धवलेरीला आशागडहून आणायचं काम माझ्याकडे होतं.

हे काम मला मिळालं याचं महत्त्व कळायला माझ्या सासरची माणसं माहीत असायला हवीत. मी डहाणूला पाटबंधारे कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. पंख्याखाली बसून पगार घेणारा माणूस नाजूक असतो, अशी सासरी सगळ्यांची पक्की समजूत आहे. आजवर त्यांच्याकडच्या प्रत्येक लग्नात मी मांडवाचा बांबू धरायला पुढे झालो की कोणीतरी ‘दाजी, तुम्ही बसा’ म्हणून मला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवायचं आणि हातात थंडा द्यायचं. एका लग्नात मी चार वेळा उठलो आणि चार थंडे प्यालो. यावर्षी मी गाडी घेतली, जुनी पण चांगली, आणि गणू पहिल्यांदाच म्हणाला, ‘‘दाजी, धवलेरी तुम्ही आणा.’’ त्या रात्री मला आनंदाने झोप लागली नाही. मग काळजीने लागली नाही. मी मुळात काळजी करणाऱ्यांतला आहे. टायर फुटेल, फाटक बंद असेल, आजींना गाडी लागेल, सगळ्याची मी पद्धतशीर काळजी करून ठेवली होती. चावीची मात्र करायची राहिली.

थांबलो नसतो तर हे झालं नसतं. पण लग्नघरी रिकाम्या हाताने कसं जायचं? नाक्यावर चिमी नावाची बाई पाट्यांतून चिकू विकत होती. डहाणूचा माणूस चारोटीला चिकू का घेतो, असं कोणी विचारील, तर त्याचं उत्तर असं की डहाणूत सगळे बागवाले ओळखीचे, त्यांच्या मालाला नाव ठेवता येत नाही. आणि नाव न ठेवता चिकू घेण्यात मला रस नाही. चिकू कसा पारखावा हे मला कळतं. सालीवर बारीक रेघ ओढायची. आत हिरवं दिसलं तर कच्चा, पिवळट दिसलं तर झाडावर तयार झालेला. लोक नखाने ओढतात. मी चावीने ओढतो, रेघ सरळ येते.

‘‘ओ साहेब, माझा सगळा माल कोरून टाकाल!’’ चिमी ओरडली.

‘‘सगळे कच्चे आहेत,’’ मी निर्णय दिला, चावी रुमालाला पुसली आणि एकही चिकू न घेता गाडीत येऊन बसलो. चावी घातली. फिरवली. ती फिरली नाही.

आधी वाटलं, उलटी घातली असेल. सुलटी घातली. फिरेना. मग जरा प्रेमाने फिरवली, मग जरा रागाने. मग मी उगीचच आरशात बघून केस सारखे केले, म्हणजे मागे बसलेल्या हिराबाईंना वाटावं की आम्ही केसांसाठी थांबलोय.

‘‘काय झालं?’’ हिराबाईंनी विचारलं.

‘‘काही नाही आजी. गाडी जरा गरम झालीय.’’

‘‘मंग गार होऊ दे,’’ म्हणून त्यांनी कमरेची पिशवी सोडून तंबाखू काढली.

पहिला तज्ज्ञ आला तो समोरच्या फरसाणच्या दुकानातून, धर्मेशभाई. हातात वेफर्सचं पाकीट तसंच धरून त्यांनी खिडकीतून डोकं आत घातलं. ‘‘साहेब, टेन्शन नका घेऊ. माझ्या साळ्याची गाडी पण अशीच झालेली. स्टेअरिंग लॉक झालाय. चाक डावीकडे ओढा ने चावी फिरवा.’’

मी चाक डावीकडे ओढलं. चाक बोटभर हललं आणि अडलं. तेवढ्यात निवृत्त एस.टी. चालक लडक्याकाका पोचले. त्यांनी आयुष्यभर इतकी मोठी चाकं फिरवली होती की माझ्या चाकाकडे ते जरा दयेनेच बघत होते. ‘‘डावीकडं नाय, उजवीकडं. डावीकडं कोन सांगतो?’’

‘‘माझ्या साळ्याची डावीकडे ओढूनच चालू झाली,’’ धर्मेशभाई म्हणाले.

‘‘तुझा साळा पालघरला राहतो. हितं उतार उजवीकडं हाय.’’

मी दोघांचं समाधान व्हावं म्हणून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं करत राहिलो. खांदे भरून आले. पंक्चरवाला काकड्या म्हणाला की बॅटरी उतरली. बॅटरीचा चावी फिरण्याशी काही संबंध नाही हे मलाही समजतं, पण मी बॉनेट उघडलं. उघड्या बॉनेटसमोर वाकून उभा असलेला माणूस काहीतरी करतोय असं लांबून वाटतं, आणि त्या वेळी मला तेवढंच हवं होतं. मग सगळ्यांचं असं ठरलं की चाकांवर ताण आलाय, तो सोडवायला गाडी हलवली पाहिजे. चौघांनी गाडी पुढे-मागे हिंदकळवायला सुरुवात केली. मी आत चावी धरून बसलो होतो आणि हिराबाई मागे डुलत होत्या.

‘‘चालू झाली का रं?’’

‘‘नाही आजी, हलवतायत.’’

‘‘बरी हलवतात,’’ त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून काहीतरी गुणगुणायला लागल्या. तिकडे भिंतीसमोर बसून ऐकायचं गाणं इकडे महामार्गावर वाया चाललं होतं.

कोणीतरी म्हणालं, चावीला पेन्सिलचं शिसं घासा, गुळगुळीत होते. पेन्सिल मागायची गरज नव्हती, ती माझ्या खिशात असतेच. मी पाती काळीकुट्ट होईपर्यंत शिसं घासलं. चावी आधी आत जायची आणि फिरायची नाही. आता ती आत जातानाही कुरकुरायला लागली. चावीवाल्याकडे माणूस पाठवला, तर चावीवाला कासाला लग्नाला गेलेला. लग्नसराईत सगळेच कुठे ना कुठे लग्नाला पोचलेले असतात. फक्त धवलेरी तेवढी पोचायची होती.

फोन वाजला. हंसा. माझी बायको दोन दिवस आधीच माहेरी गेली होती.

‘‘कुठे आहात? आणलं का आजींना?’’

‘‘आणतोय,’’ मी म्हणालो. व्याकरणाच्या दृष्टीने हे खोटं नव्हतं.

‘‘आणतोय म्हणजे कुठे आहात?’’

‘‘हंसा, गाडीची दुसरी चावी कुठे आहे गं? सहज विचारतोय.’’

बावीस वर्षांच्या संसारात मी सहज असं काही विचारलेलं नाही, हे तिला माहीत आहे. ‘‘दुसरी चावी माझ्या ट्रंकेत आहे, उन्नतीच्या साड्यांखाली. का? आजींना फोन द्या बघू.’’

मी फोन मागे दिला. वाटलं, म्हाताऱ्या माणसाला पोच असते. ‘‘हां पोरी,’’ हिराबाई म्हणाल्या, ‘‘चारोटीला हाय. गाडी मेली. तुझा नवरा तिला पेन्सिल लावतो.’’

त्यानंतर हंसाशी बोलायची माझी हिंमत झाली नाही. मी आवाज बंद करून फोन खिशात टाकला, तरी तो थरथरत राहिला.

मग मला विमा आठवला. गाडी रस्त्यात बंद पडली तर मदत मिळेल, असं विम्याच्या कागदावर छापलेलं होतं आणि छापील मजकुरावर माझा नोकरीमुळे विश्वास आहे. फोन लावला. आधी गाणं लागलं. मग एका बाईंनी हिंदीत विचारलं, मी सुरक्षित आहे का. म्हटलं, वेवजीला पोचेपर्यंत आहे. गाव कुठलं, म्हणाल्या. चारोटी. त्यांच्या यादीत चारोटी नव्हतं. च वर चेंबूर होतं, चिपळूण होतं, यांतलं जवळ कुठलं असं त्यांनी विचारलं. मी डहाणू म्हणालो. मग त्यांनी पॉलिसी कोणाच्या नावावर आहे विचारलं, आणि तिथे माझ्या तोंडचं पाणी पळालं. गाडी माझ्या नावावर झाली होती, विमा अजून आधीच्या मालकाच्या, उंबरगावच्या नविनभाईंच्या, नावावर होता. बाई गोड आवाजात म्हणाल्या की नविनभाईंच्या मोबाइलवर ओटीपी गेलाय, तो सांगा.

नविनभाईंना फोन केला. त्यांच्या सुनेने सांगितलं की पप्पा जेवून आडवे झालेत, उठवलेलं त्यांना चालत नाही. मी पुन्हा विमावाल्या बाईंना गाठलं, परिस्थिती सांगितली, धवलेरी म्हणजे काय तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘आम्ही समजू शकतो सर, पण अर्जदार स्वतः असल्याशिवाय काही करता येणार नाही.’’ हे वाक्य मी रोज खिडकीच्या आतून म्हणतो. बाहेरून ते असं ऐकू येतं, हे मला माहीत नव्हतं.

एव्हाना ऊन तिरकं झालं होतं. मला खरोखर भीती वाटायला लागली. उन्नती लहान असताना माझ्या सायकलच्या पुढच्या दांडीवर बसून फिरलेली पोर. ती हळद लावून भिंतीकडे तोंड करून बसली असेल, आणि तिचं लग्न का अडलंय, तर तिचा मामा... म्हणजे तिच्या आत्याचा नवरा चारोटीला चावी धरून बसलाय म्हणून. नाती चुकायला लागली, इतका मी घाबरलो होतो. मनात आलं, ही चिमीची नजर. एकही चिकू घेतला नाही म्हणून बाईने मनातून काहीतरी म्हटलं असणार. मी उठलो, तिच्याकडे गेलो आणि मुकाट्याने किलोभर चिकू मागितले.

‘‘आता नाय कोरून बघत?’’ तिने विचारलं.

‘‘नाही. द्या तुमच्या हाताने.’’

तिने मघाशी मी कोरलेलेच सगळे वेचून पिशवीत भरले. ती पिशवी हातात घेऊन परत येऊन चावी फिरवली. नजरेचा काही संबंध नव्हता.

तेवढ्यात सुक्या बोंबलांचा टेम्पो येऊन धर्मेशभाईंच्या दुकानाशी थांबला. चालक विनोद, डहाणूच्या मांगेलवाड्यातला, तलासरीवरून उंबरगावच्या बाजूला चाललेला. त्याने सगळी हकिकत ऐकली आणि सरळ म्हणाला, ‘‘आजीला मी सोडतो वेवजीला. वाटेवरच हाय. तुम्ही बसा गाडीपाशी.’’

मला त्याला मिठी मारावीशी वाटली. वास असूनही. मी मागचं दार उघडलं. ‘‘आजी, तुम्ही याच्याबरोबर पुढे व्हा.’’

हिराबाई हलल्या नाहीत. ‘‘मी एकली जानार नाय.’’

‘‘विनोद आहे ना.’’

‘‘तो कोन? धवलेरीला आनाया घरचा मानूस येतो. जो न्याया आला त्यानं मांडवात न्यायचं. मी काय पार्सल हाय?’’

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता माझी अडचण जरा समजून घ्या. खिडक्यांच्या काचा खाली होत्या, आणि चावी फिरल्याशिवाय त्या वर होत नाहीत. दरवाजाचं कुलूप त्याच चावीचं, तेही दाद देईना. म्हणजे गाडी महामार्गाच्या कडेला चारी दारांनी सताड उघडी सोडून जायची. ज्या गाडीत मी हंसाला भजी खाऊ देत नाही, जिच्या सीटचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही, ती. ती राहिली नाही, तर मी पुन्हा खुर्चीत बसून थंडा पिणारा जावई. आणि मी तिच्यापाशी थांबलो तर उन्नतीचं लग्न थांबणार.

मी गाडीकडे बघितलं. मग हिराबाईंकडे. त्या शांतपणे तंबाखू मळत होत्या, जणू यात ठरवण्यासारखं काहीच नाही.

‘‘धर्मेशभाई,’’ मी म्हणालो, आणि माझा आवाज बारीक झाला, ‘‘गाडीकडे लक्ष ठेवाल?’’

‘‘साहेब, माझी समजा,’’ धर्मेशभाई म्हणाले. ही गोष्ट मला तितकीशी आवडली नाही, पण मी टेम्पोत चढलो.

पुढे आम्ही तिघं. विनोद, मध्ये हिराबाई, दाराशी मी, मांडीवर चिकूची पिशवी, मागे बोंबील. इस्त्रीचा झब्बा पहिल्या वळणावरच कामातून गेला. तलासरी आली तेव्हा मला गाडीत शेळ्या शिरलेल्या दिसत होत्या, चोर शिरलेले दिसत होते, चोर शेळ्या घेऊन शिरलेले दिसत होते. काळजीत माणसाचे हात नको ते उद्योग करतात. मी पिशवीतला एक चिकू काढला आणि नकळत चावीने त्यावर रेघ ओढली.

रेघेतून पांढरा चीक आला. चावी उचलली तशी त्याची तार निघाली. चिकूपासून चावीपर्यंत लांबलचक, तुटता तुटेना. मी चावी डोळ्यांजवळ नेली. तिच्या दातांत, शिशाच्या काळ्या थराखाली, जुना चीक बसला होता. पिवळा, खरपुडीसारखा. या सगळ्या हंगामात मी जिथे जिथे चिकू पारखले होते तिथला तिथला. चिकू पारखायचे आणि तीच चावी कुलपात घालायची, कुलूप भरून टाकायचं. हे डहाणूबाहेरच्या माणसाकडून होणं शक्यच नाही, त्याच्याकडे एवढे चिकू नसतात.

मी हळूच चिकू पिशवीत टाकला, चावी मुठीत लपवली आणि बाहेर बघायला लागलो. हे कोणालाही सांगायचं नाही. ‘इग्निशनच्या सिलिंडरमध्ये तांत्रिक बिघाड’, मी मनात वाक्य जुळवलं. चांगलं होतं. मग सहज वळलो, तर हिराबाई माझ्या मुठीकडे बघत होत्या.

‘‘चीक,’’ त्या म्हणाल्या.

‘‘आजी, हे जरा...’’

‘‘मी काय बोलली?’’ त्यांनी समोर तोंड केलं.

वेवजीला मांडवाशी टेम्पो थांबला तेव्हा सगळ्यांच्या माना रस्त्याकडे वळल्या. मी उतरलो, हिराबाईंना हात धरून उतरवलं आणि तसाच हात धरून मांडवातून भिंतीपर्यंत नेलं. गणू धावत आला. टेम्पोच्या मागे बघत म्हणाला, ‘‘दाजी, गाडी?’’

‘‘मागून येतेय,’’ मी म्हणालो.

चौक लिहून झाला. हिराबाई गायल्या. तो आवाज भरला तेव्हा मी नाक ओढलं आणि दोष बोंबलाच्या वासावर ढकलला. उन्नतीने मला बघून ओठ न हलवता हसून घेतलं. लग्न व्यवस्थित सुरू झालं. आणि ज्यांचा जीव गाडीत अडकला असेल त्यांच्यासाठी सांगून टाकतो. धर्मेशभाईंचा फोन आला होता की गाडी एकदम सेफ आहे, आत दोन शेळ्या सावलीला बसल्यात, पण त्या ओळखीच्या आहेत. दुसऱ्या दिवशी रॉकेलने धुतल्यावर चावी गुमान फिरली.

पण तो दुसरा दिवस. त्या संध्याकाळी मुख्य विधी झाल्यावर बायका चेष्टेच्या गाण्यांवर आल्या. व्याही झाला, विहीण झाली. मी एका कोपऱ्यात तांत्रिक बिघाडाची माहिती चुलतसासऱ्यांना देत होतो, इतक्यात हिराबाईंची नजर माझ्यावर आली. मी दोन्ही हात जोडले. त्या गोड हसल्या आणि गायला लागल्या,

‘‘जावई आला गो, चिकू कोरीत आला,
चावीला लावला चीक, गाडीला केलं मुकं,
गाडी टाकली वाटंला गो, टाकली वाटंला,
धवलेरी मांडवात घेऊन आला.’’

मांडव नुसता फुटला. बायकांनी ओळी उचलल्या, पोरींनी उचलल्या, डीजेवाल्याने माइक पुढे केला. गणू तर पोट धरून खाली बसला. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. दुसऱ्यांदा गाणं फिरून आलं तेव्हा शेवटची ओळ बायकांनी जरा सावकाश म्हटली. गणू उठला, डोळे पुसत आला आणि रिकामी खुर्ची पायाने बाजूला सारून म्हणाला, ‘‘दाजी, मांडवाचा मधला बांबू ढिला झालाय. चला, धरा.’’

मी बांबू धरला. आयुष्यात इतकं घट्ट काही धरलं नसेल. तेवढ्यात हंसा आली, हातात माझ्याच पिशवीतला चिकू, रेघ ओढलेला. सगळ्या बायका बघत होत्या.

‘‘अहो, हा पिकलाय का, बघता?’’

माझा एक हात सवयीने खिशाकडे गेला. मी तो हात तसाच परत आणला, चिकू घेतला आणि सालीसकट खाल्ला.

‘‘कसा आहे?’’ हंसाने विचारलं.

सांगायला म्हणून तोंड उघडायला गेलो, तर चिकाने उघडेना. कच्चा होता.